टाकीचं विरजण

वणीतल्या बाईला काळं काही दाखवू नये. ती ते धुऊन टाकते. यात तिचा दोष नाही, इथल्या हवेचा आहे. सकाळी पुसलेल्या खिडकीवरून दुपारी बोट फिरवलं की बोट काळं. पांढरी चादर वाळत घातली तर संध्याकाळी ती राखाडी होऊन घरात येते. कोळशाचे ट्रक रस्त्याने दिवसभर चालूच, आणि माझा नवरा तर सरकारी खाणीतच पंपावर कामाला, म्हणजे उरलीसुरली धूळ तो ड्युटीवरून येताना अंगावर घेऊन येतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिलं काही शिकवलं असेल तर ते हेच, की बाहेरून आलेली वस्तू आधी मोरीत जाते, मग घरात. भाजी असो, भांडं असो, की नवरा.

आमच्या समोरच्या घरात एक मॅडम राहायच्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. बोलणं मोजकं, पण मनाने फार चांगल्या. माझी मुलगी आता नागपूरला शिकते, तिचं बारावीचं इंग्रजी त्यांनीच पार करून दिलं. त्यांच्या हॉलमध्ये चार फूट लांब काचेची टाकी होती. टाकी म्हणजे नुसते मासे नाहीत, आत जंगलच होतं. पट्ट्यासारखी लांब हिरवी पानं वरपर्यंत गेलेली, एका वाकड्या लाकडाला बांधलेली झुडपं, खाली बारीक काळी खडी. आणि त्या जंगलात दोनच मासे, तळहाताएवढे, चपटे, चांदीसारख्या अंगावर काळे पट्टे. एंजल म्हणतात त्यांना. शर्टाच्या बटणाएवढे होते तेव्हा मॅडमने आणले होते. एक नर, एक मादी. दोघं कायम जोडीनं फिरायचे, आणि मॅडम हॉलमध्ये आल्या की काचेला येऊन चिकटायचे.

मागच्या वर्षी मॅडम जिन्यात पडल्या. मोडलं काही नाही, पण पुण्याचा मुलगा येऊन बसला आणि म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. मॅडम नाही नाही म्हणता तयार झाल्या. सामान निघालं, घर रिकामं होत गेलं, आणि शेवटी टाकी उरली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला जागा नव्हती. नागपूरचा एक दुकानदार बघायला आला, टाकीभोवती फिरला आणि म्हणाला, टाकी घेतो, आणि माशांचं एक गिऱ्हाईक आहे, पण त्याला एकच पाहिजे. दुसऱ्याचं बघू. मी तेव्हा डबा परत करायला तिथे गेले होते. मॅडमचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. माझं तोंड तर तुम्हाला ठाऊक नाही. ते माझ्या आधी बोलतं.

“द्या मले,” मी म्हटलं. “आमच्या घरी काय जागा नाई?”

मॅडमने माझा हात धरला. “दोघांना सांभाळशील ना गं?”

मी म्हटलं, पोटच्या पोरासारखे सांभाळीन, तुम्ही बिनघोर जा. आता ‘पोटच्या पोरासारखं’ म्हणायला काय लागतं? आपण उठता बसता म्हणतो. पण मॅडमने ते खरं धरलं, डोळे पुसले, आणि दुकानदाराला चहा पाजून वाटेला लावलं. मी घरी आले, आणि मग नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला, हॉलकडे पाहिलं, सासूबाईंच्या दिवाणाकडे पाहिलं, आणि पुन्हा घास उचलला. आमच्याकडे होकार असाच असतो.

दिवाण आतल्या खोलीत गेला, त्यावरून सासूबाई एक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण टाकी आली तेव्हा दारात सगळ्यांत पुढे त्याच होत्या. नवऱ्याचे शिफ्टवाले मित्र आले होते उचलायला. टाकीतलं पाणी काढलेलं, मासे एका झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये, झाडं ओल्या पेपरात गुंडाळलेली. बुद्धांच्या फोटोखाली भिंतीला स्टँड लावला. मॅडमची गाडी त्याच सकाळी निघणार होती. जाता जाता त्यांनी मला दोनदा सांगितलं, “सगळं जसंच्या तसं लाव हं. काही धुवायची गरज नाही.”

आता मला सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा? आमच्या गल्लीत कोणी कोणाला डबा दिला की देणारी म्हणते, “राहू द्या, धुवू नका, असाच द्या.” आणि घेणारी तो दोनदा घासून, पुसून, वर आत काहीतरी घालून परत करते. न धुता परत करणारी बाई आमच्याकडे अजून जन्मायची आहे. मॅडम सभ्य, त्या म्हणणारच. आणि मी न धुता टाकी लावली असती तर त्या पुण्याला जाऊन काय म्हणाल्या असत्या? की बाईनं माझे मासे घाणीत ठेवले.

मॅडमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी पदर खोचला.

सगळं गच्चीवर नेलं. खडी सासूबाईंनी घेतली. टोपल्यात घालून, चोळून चोळून, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. मग ती जुन्या लुगड्यावर पसरून वाळत घातली, अगदी गहू वाळत घालतात तशी, आणि चिमण्या येऊ नयेत म्हणून बाजूला काठी घेऊन बसल्या. खडी खायला कोणती चिमणी येणार होती ते त्यांनाच माहीत. झाडं मी घेतली. मुळं किती वाढलेली होती! मेथीची जुडी निवडावी तशी निवडली, पिवळी पानं काढली, मुळं कापून नीट केली. लाकूड ब्रशनं घासलं. आणि मग फिल्टर उघडला.

फिल्टर म्हणजे काय, एक मोटार पाणी ओढते, ते स्पंजातून जातं आणि परत टाकीत पडतं. तो स्पंज पाहून माझ्या अंगावर शहारे आले. काळाकुट्ट, बुळबुळीत, वास मारणारा. नवऱ्याचे खाणीतले मोजे बरे. एवढ्या टापटिपीची बाई आणि हे असं? मला मॅडमची कीवच आली. म्हटलं, गुडघ्यानं होत नसेल बिचारीला. साबणाच्या पाण्यात पिळला, काळं निघालं. पुन्हा पिळला, पुन्हा काळं. सोडा टाकला. सासूबाई बाजूला उभ्या राहून “अजून एक पानी काढ” म्हणत होत्या. शेवटी तो निळा निघाला. खरंच, आकाशासारखा निळा! आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. दोरीवर दोन चिमटे लावून वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी टाकी लावली, नळाचं पाणी भरलं, मासे सोडले. पाणी इतकं स्वच्छ होतं की ते दोघं हवेत लटकल्यासारखे दिसत होते. शेजारपाजारच्या येऊन बघून गेल्या. मी मॅडमना फोटो पाठवले: टाकीचा, माशांचा, आणि सगळ्यांत शेवटी माझ्या मेहनतीचा, म्हणजे दोरीवर वाळणाऱ्या स्पंजाचा. खाली लिहिलं, “मॅडम, हा निळा होता!”

लगेच फोन वाजला. मी कौतुक ऐकायच्या तयारीने उचलला.

“अगं,” मॅडम म्हणाल्या, “तो मळ नव्हता.”

मग त्यांनी शिकवायच्या सुरात सगळं सांगितलं. मासे खातात, मग पाण्यातच करतात सगळं, आणि त्यातून पाण्यात विष तयार होतं. ते डोळ्याला दिसत नाही. पण स्पंजात, खडीत, लाकडावर जंतू वाढलेले असतात, चांगले जंतू, ते हे विष खातात. त्यातून दुसरं विष निघतं, तर ते खाणारे वेगळे जंतू. मग जे उरतं ते झाडं खातात. हे चक्र बसायला महिना जातो, कधी त्याहून जास्त. त्यांच्या टाकीत ते कितीतरी वर्षांपासून बसलेलं होतं. आणि ते मी साबण लावून मोरीतून पार नाल्यात पाठवलं होतं.

करायला गेले काय आणि वरती झाले पाय! मला भयंकर राग आला. कोणाचा आला ते ठरेना, म्हणून नवऱ्यावर काढला. त्याला म्हटलं, तुम्हाला सांगता येत नव्हतं का? तो म्हणाला, “मले काय मालूम? मले तर तू सांगतलं का हात लावू नका.” तेही खरंच होतं, म्हणून अजून राग आला.

तोवर मासे खरोखरच वर येऊन तोंडं उघडून भका भका हवा घ्यायला लागले होते. पाण्यावर जरा दूधट झाक आली होती. मॅडमने सांगितल्याप्रमाणे त्यांना पुन्हा ड्रममध्ये घातलं, हवेची मोटार लावली, पाणी कोमट ठेवायची काचेची कांडी सोडली. ड्रममध्येही विष होणारच, म्हणून रोज अर्धं पाणी काढायचं आणि अर्धं ताजं घालायचं. ताजं म्हणजे नळाचं नाही. नळाला ब्लिचिंगचा वास, ते बादल्यांमध्ये उघडं ठेवून मुरू द्यायचं. आणि टाकीत मासे न घालता नुसती झाडं, मोटार, आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजेल, विष होईल, आणि मग जंतू आपोआप येतील, वाढतील. घरात धड चालायला जागा राहिली नाही. जिकडे पाय टाकावा तिकडे बादली.

हे सगळं पाणी नवऱ्याने अंगावर घेतलं. आयुष्यभर खाणीतलं पाणी बाहेर काढणारा माणूस, आता ड्युटीवरून येऊन घरात पाणी भरत होता. मित्रांना सांगायचा, तिथं पगार भेटते, इथं बोलणे भेटते. पण मन लावून करायचा. नागपूरहून पाणी तपासायच्या बाटल्या मागवल्या त्यानेच. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळं राहिलं तर चांगलं, हिरवं झालं तर विष. आमचं रोज हिरवंगार. तो नळी उजेडात धरून खाणीतल्या साहेबासारखा गंभीर चेहरा करायचा आणि म्हणायचा, “नाई.” बस, एवढंच. रोज संध्याकाळी एक “नाई.”

झाडांनीही दगा दिला. मुळं कापल्यावर दुसरं काय होणार! पानं पारदर्शक झाली, मग विरघळली. काचेवर तपकिरी लेप आला, मग हिरवं शेवाळ. मला ते पुसायची इतकी हुक्की यायची की हात शिवशिवायचे. मॅडमने सक्त मनाई केली होती. घरात डोळ्यांसमोर चार फूट घाण आणि मी हात बांधून बसलेली, अशी शिक्षा मला जन्मात कोणी दिली नव्हती.

त्यात येणारे जाणारे. आमच्या लोकांना रिकामं भांडं बघवत नाही. प्रत्येकाचं एकच, “मासे कुठी हायेत?” मी सांगायचे, मोरीत. मग ते मोरीत जाऊन ड्रममध्ये डोकावायचे, परत येऊन टाकीपुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, मग हे कायले? नणंदेचा नवरा तर सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला, “वहिनी, सोपं हाय. यात बदकं सोडा.” त्याला मी त्या दिवशी चहात साखर घातली नाही.

दर रविवारी सकाळी मॅडमचा व्हिडिओ फोन यायचा. पुणं कसं आहे, मुलगा सून कसे आहेत, विचारलं की “सगळं छान” एवढंच म्हणायच्या आणि लगेच, “दाखव बरं दोघांना.” मी फोन ड्रमवर धरायचे. त्या बराच वेळ बघत राहायच्या. मला त्या वेळी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मलाच म्हणायच्या, तू फार करतेस गं.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि मादीनं खाणं सोडलं. पंख अंगाशी मिटून ड्रमच्या तळाशी एका बाजूला कलून राहायची. पट्टे फिके पडले. नर तिच्याभोवती फिरायचा, मग तोही खाईना. त्या रविवारी मी फोन नीट धरलाच नाही, वरून वरून फिरवला. पण मॅडमची नजर ती.

“ड्रममध्ये फार दिवस झाले त्यांना,” त्या हळूच म्हणाल्या. “हे बघ, त्या दुकानदाराला बोलव. त्याच्याकडे चालू टाक्या आहेत. एकेक करून घेईल, घेऊ दे. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाई,” मी म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मासे मेले तर मेले म्हणणारी मीच. बाजारातून आणते, कापते, तळते. पण ही दोन माझ्यावर विश्वासानं टाकलेली होती, आणि त्या बाईनं तिकडे बसून मलाच समजावावं, हे मला सहन होईना.

सासूबाई ओट्याशी दही लावत होत्या. त्यांनी मला रडू दिलं, मग विचारलं, त्या टाकीत नक्की होत काय नाही? आजवर मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं, त्यांना कळेल असं. म्हटलं, आई, दुधात तुम्ही विरजण घालता, त्यात जंतू असतात, ते दुधाचं दही करतात. तसे टाकीतले जंतू विषाचं खत करतात. आपण ते विरजणच धुऊन टाकलं. आता बिनविरजणाचं दूध ठेवून वाट बघून राह्यलो आपण. त्यात ही थंडी.

त्यांनी हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मला वाटलं, टाकीला शाल गुंडाळ म्हणतील; दह्याच्या भांड्याला त्या गुंडाळतात. पण आपण जे बोललो ते आपल्याच कानावर पडलं की कधी कधी उजेड पडतो. घरातलं विरजण संपलं तर आम्ही काय दूध घेऊन महिनाभर बसतो? वाटी घेऊन शेजारी जातो. दुसऱ्याच्या चालू टाकीतला मळ! हे पुढे मॅडमला विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं हो, करतात असं, पण कोणाकडे जाऊन घाण मागणार, म्हणून मी बोललेच नाही. सभ्यपणाच आडवा आला, तिकडूनही.

मी म्हटलं, पण वणीत टाकी आहे कोणाकडे?

“माह्या कवळीवाल्या डाक्टरकडे,” सासूबाई म्हणाल्या. कवळी बसवायला त्या तिथे इतक्या वेळा जाऊन बसल्या होत्या की त्या टाकीतला एकेक मासा त्यांच्या ओळखीचा होता. म्हणाल्या, लय घाण हाय त्याची टाकी. असं त्यांनी जन्मात कशाबद्दल इतक्या आनंदानं म्हटलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्कुटीवर निघालो. सासूबाईंनी चांगलं पातळ नेसलं आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. दवाखान्यात पेशंट बसलेले, कोणाचा गाल सुजलेला, कोणी तोंडाला रुमाल लावलेला. कोपऱ्यात टाकी. काय सांगू, सोनंच! हिरवी, तपकिरी, आतले मासे अंदाजाने दिसतील अशी. माझे डोळे भरून आले.

डॉक्टर तरुण होते, बाहेर आले, सासूबाईंना ओळखलं, कवळी टोचते का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, कवळी बेस हाय, आमाले तुमच्या टाकीतला मळ पाहिजे. अख्खा दवाखाना आमच्याकडे बघायला लागला. मी पुढे होऊन फिल्टर, जंतू, ड्रम, मासे, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरांना समजलं. पण ते इतके लाजले की कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, माफ करा, साफ करणारा माणूस बरेच दिवस आलाच नाही, असं कसं देऊ तुम्हाला, आजच्या आज स्पंज स्वच्छ धुऊन घेतो आणि उद्या घरी पाठवतो. आणि आतल्या मावशींना हाक मारून स्पंज नळाखाली धरायला सांगितलं.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण अशी उठली की मावशी जागच्या जागी थबकल्या.

“धुवू नको बापू! तुह्या पाया पडतो, धुवू नको!”

सुजलेल्या गालाचा पेशंट हसला आणि कळ आली म्हणून गाल धरून बसला. डॉक्टरही हसायला लागले. मग मावशींनी तो स्पंज आमच्या डब्यात तसाच पिळला. काळं, दाट, बुळबुळीत पाणी डबाभर. वर डॉक्टरांनी स्पंजाचा एक तुकडाही कापून दिला. सासूबाईंनी तो डबा मांडीवर घेतला आणि घरापर्यंत प्रत्येक गतिरोधकावर माझ्या पाठीत बोट खुपसून “हळू” म्हणाल्या. हा डबा मात्र परत करताना मी चांगला दोनदा घासला, आणि भरून अनरसे दिले. मुळात आमचाच डबा होता तरी.

ते काळं पाणी टाकीत ओतताना मी डोळे गच्च मिटले होते, खोटं कशाला सांगू. उभ्या जन्माची सवय उलटी फिरवायची म्हणजे सोपं नाही. स्पंजाचा तुकडा फिल्टरमध्ये ठेवला. नवऱ्याने टाकीसाठी दुसरी कांडी आणली, पाणी कोमट झालं. आणि पुढच्या काही दिवसांत नळीतला रंग बदलायला लागला. गडद हिरव्याचा फिका हिरवा. मग पोपटी. मग एके संध्याकाळी नवरा नळी घेऊन खिडकीशी उभा राहिला, उजेडात धरली, पांढऱ्या कागदापुढे धरली, आणि खाली ठेवेचना.

“नाई?” मी विचारलं.

“पिवळं हाय,” तो म्हणाला. मग स्वतःच पुन्हा बघून म्हणाला, “पिवळं हाय व.” दुसऱ्या विषाची तपासणी वेगळी, तिथे जांभळं म्हणजे विष आणि निळं म्हणजे चांगलं; ती नळी अजून दोन चार दिवस जांभळी येत राहिली, मग तीही निळी झाली. माझा जीव भांड्यात पडला.

मासे एकदम सोडायचे नसतात. बादलीत घेऊन त्यात टाकीचं पाणी थोडं थोडं घालत गेलो, दुपार त्यातच गेली. मग सोडले. नर सरळ पुढे गेला, काचेला लागून एक फेरी मारून आला. मादी लाकडाच्या मागे जाऊन कलंडली. तो दिवस तशीच. दुसरा दिवसही. सासूबाई स्टूल घेऊन समोर बसून राहिल्या, आणि मी येता जाता विचारू नये म्हणून आधीच मान हलवायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, नर खाणं उचलत असताना, ती मागून हळूच आली. एक दाणा तोंडात घेतला, टाकला. पुन्हा घेतला. गिळला. आम्ही तिघंही तिथेच उभे होतो. मग नवऱ्याने जोरात नाक शिंकरलं.

रविवारची वाट पाहिलीच नाही. त्याच संध्याकाळी मी मॅडमला व्हिडिओ फोन लावला. त्यांनी उचलला, चेहऱ्यावर भीती. अवेळी फोन म्हणजे वाईटच बातमी, असं त्यांनी धरलेलं. मी काही न बोलता फोन टाकीसमोर नेला. झाडांना नवी कोवळी पानं फुटली होती, काचेवर थोडं शेवाळ होतं, मी ते पुसलं नव्हतं, आणि त्यातून दोघं जोडीनं आले. पट्टे काळेभोर. मी चार दाणे टाकले. दोघांनी खाल्ले.

खरं सांगायचं तर मी शाबासकीची वाट बघत होते. पण तिकडे मॅडमचा फोन कलला होता, त्यांच्या घराचं छत आणि पंखा दिसत होता. सासूबाईंना हे असलं काही चालत नाही. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपल्या तोंडासमोर धरला.

“मासे जेवले, बाई. तुमी जेवल्या काय?”

मॅडम परत दिसल्या. डोळे ओले होते. नाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, मुलगा सून उशिरा येतात, बिचारे दमून येतात, ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. “तिथे मी रोज टाकीसमोर खुर्ची घेऊन जेवायचे. त्यांना दाणे टाकायचे आणि मग माझं ताट. इथे एकटीला ताट वाढून घ्यावंसंच वाटत नाही. राहूनच जातं कधी कधी.”

इतके रविवार मी समजत होते की त्यांना माशांची काळजी लागली आहे. चेहरा उतरलाय, गळ्याशी हाडं दिसतायत, हे मला फोनवर दिसत होतं आणि मी ते माझ्या चुकीच्या खात्यावर टाकत होते. मला फार वाईट वाटलं.

सासूबाईंनी स्टूल ओढलं. म्हणाल्या, मंग आना ताट, आमी हाओत बसून. आणि फोन स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मॅडम नको नको म्हणाल्या, मग उठल्या. तिकडे भांड्यांचा आवाज आला. त्या ताट घेऊन परत येऊन बसल्या, आणि इकडे सासूबाई डोळे बारीक करून स्क्रीनला इतक्या जवळ गेल्या की मॅडमला फक्त त्यांचं कपाळ दिसत असणार.

“हे काय? एकच पोळी?”

“पुरते मला,” मॅडम म्हणाल्या.

“नाई पुरत.” सासूबाईंनी फोन उचलला आणि टाकीकडे पाठ करून धरला. “अजून एक घेऊन या. मंग मासे दाखवतो.”

मॅडम हसल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि खरंच आणखी एक पोळी घेऊन आल्या.